चाळीस ठिपक्यांची भिंत

३ ऑगस्ट

आल्मिरभाऊ,

जय भीम. तुझा आवाज आला. फलकनं मोबाईल माझ्या कानाला लावला आन् तू म्हणलास, "विठाबाई, जेवलीस का?" तीस वर्षांनी पयला सवाल जेवणाचा. व्हय, जेवले. कोरड्यास आन् भाकर. तुझी मराठी गंजलीय, पण बिजागरी फिरती अजून.

तसंच बोलून उत्तर दे म्हणतोस, ते मला जमायचं न्हाय. मोबाईलसमोर तोंड केलं की घशात माती बसती. लिहिलं की सरळ येतं. चौथी शिकलेय, तेवढं पुरतं. तुला मराठी वाचता येत न्हाय, ऐकली की कळती. म्हणून मी वहीत लिहिणार आन् फलक ते वाचून तुला पाठवणार. फलक म्हंजी पाशामियाँची नात. लोहाऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवती. पाशामियाँ हाय अजून. ऐंशी झाले, कान गेले, जीभ शाबूत.

फलक विचारती, "दादी, एवढा मोठा माणूस तुमाला कसा ओळखतो?" तिला सांगते. तू बी ऐक, चुकलं तर चुकलं म्हण.

तू बोस्नियाचा. दगडाच्या बांधकामाचा मास्तर. आपल्या देशात उत्तरेला कुठल्याशा कॉलेजात वर्षभर शिकवायला आलास आन् मागं तुझ्या देशात लढाई पेटली. परतायची वाट बंद. मंग आमचा भूकंप झाला. सगळे शिकलेले लोक किल्लारीला गेले. तू बी तिकडंच चालला व्हतास, पण जीपवाला म्हणला, लोहाऱ्याच्या पुढं गाडी नेत न्हाय. उतरलास ते आमच्याकडं. आठ महिने माझ्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहिलास.

आमच्याकडं भिंत दोन हात रुंद. दोन गवंडी मिळून बांधायचे, एक बाहेरून, एक आतून. बाहेरून माझा नवरा गुलाब, आतून पाशामियाँ. दोघं दिवसभर एकाच भिंतीवर, पण ज्याचं तोंड त्याच्या बाजूला. मधल्या पोकळीत खडी-माती ओतायची, ते माझं काम. अशा भिंती भूकंपात पोथी उघडावी तशा उघडल्या. अर्धी आत पडली, अर्धी बाहेर. तू म्हणलास, दोन्ही बाजूंना धरून ठेवील असा आरपार दगड पायजे. जी भिंत उभी हाय तिला भोक पाडायचं, आत सळई घालायची, काँक्रीट भरायचं, वर लाल ठिपका लावायचा. ठिपका दिसला की समजायचं, इथं भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकीला बांधलेल्या हायेत. एवढं सांगायला तुला महिना लागला, कारण तवा तुला 'हाय' आन् 'न्हाय' एवढीच मराठी येत व्हती.

पुढचं फलकनं मोबाईलवर दाखवलं. परत गेलास. मास्तर, मंग मोठा मास्तर. पुस्तक लिहिलंस. लढाईत पडलेली घरं उभी केलीस. नगराध्यक्ष झालास, मंत्री झालास, आता सगळ्यांत वरच्या खुर्चीला उभा हायेस. आन् भाषणात काय म्हणतोस तर, आपला देश म्हंजी अशीच भिंत, ज्याचं तोंड त्याच्या बाजूला, तिला आरपार दगड पायजेत, हे मी लोहाऱ्याकडच्या गवंड्यांकडं शिकलो. टाळ्या बी पडतात. माणसं म्हंजी दगड न्हायत, पण बरं बोलतोस.

तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, कॅमेरे घेऊन येतो म्हणतोस. तुझ्या पुस्तकावर छापलेल्या आमच्या विहाराच्या पश्चिमेच्या भिंतीचा फोटो परत काढायचा, तुझ्या मतदानाच्या आधी दाखवायचा. ये की. पण भिंतीत काय बघायचंय? नळदुर्गचा किल्ला बघ, आत पाणी पडतं, कॅमेऱ्याला चांगलं दिसंल. भिंतीचं मंग बघू.

विठाबाई


११ ऑगस्ट

आल्मिरभाऊ,

तुझ्या हापिसातल्या बाईचा कागद आला. कुणी कुठं उभं राहायचं त्याचं चित्र. मी भिंतीच्या डाव्या अंगाला, पाशामियाँ उजव्या, मधी तू, हात भिंतीवर. साडी कुठल्या रंगाची तेही लिहिलंय. तिला सांग, विठाबाई जी वाळलेली आसंल ती नेसती.

पण तिच्यापेक्षा वरचढ माझा प्रसेनजित. ग्रामपंचायतीत निवडून आल्यापासून त्याला साधं काही दिसतच न्हाय. कमानीच्या बल्ल्या आल्यात. मंडपवाला येऊन मोजून गेला. काल विचारतो, "आई, भिंतीला निळा रंग देऊ का पिवळा?"

"भिंतीला हात लावायचा न्हाय."

"अगं, जगात दिसणार ती. पोपडे निघालेत."

"निघू दे."

"एकदा म्हणतीस त्याला नळदुर्गला धाडा, एकदा म्हणतीस भिंतीला हात लावू नका. तुझं नेमकं दुखतंय कुठं?"

"गुडघ्यात."

शुभांगी, त्याची बायको, पदर तोंडाला लावून हसली. हसू दे.

वर्षावास चालू हाय. रोज दिवेलागणीला बाया विहारात बसतात, शुभांगी ग्रंथ वाचती, बाकीच्या ऐकतात. सकाळी त्याच खोलीत बालवाडी भरती. पश्चिमेच्या भिंतीला म्या लोखंडी कपाटं लावून घेतलीत, त्याच्या पुढं सतरंज्यांचा ढीग, त्याच्या पुढं बाकडी. कुणी तिकडं सरकलं की मी ओरडते. लोक म्हणतात, म्हातारीला तिथं ओल दिसती. दिसती तर दिसती.

तू विचारलंस, अकरा पत्रं पाठवली, एकाचं बी उत्तर का न्हाय. कामाच्या माणसाला कुठली फुरसत? आन् तुझ्या देशाचं नाव पाकिटावर लिहायचं कुणी? असंच राहून गेलं. त्यात काय एवढं.

दुपारी जरा पडले व्हते. तुझं गाव आलं. मी कवा बघितलं न्हाय, पण तू पत्र्यात बसून सांगायचास त्यातून माझं माझं एक तयार झालंय. हिरवी नदी, उतारावर घरं, घरामागं तुझ्या आईची आलुबुखाराची झाडं. बर्फ पडत व्हता. तू म्हणायचास, बर्फ पडतो तवा आवाज येत न्हाय. तवा मला खोटं वाटायचं. पडणाऱ्या वस्तूला आवाज असतोच, आमी ऐकलाय. पण आज खरंच आला न्हाय. चुन्याची फक्की उडून बसावी तसा बसत राहिला, झाडांवर, छपरांवर, माझ्या हातांवर. थंड बी न्हाय. गुलाब लांब उभा व्हता, ओळंबा धरून. ओळंबा हलत व्हता, कुठंच थांबत न्हवता. जागी झाले तर बाहेर सोयाबीनवर ऊन.

एवढंच.

विठाबाई


२४ ऑगस्ट

आल्मिरभाऊ,

पाच दिवस झाले. पाऊस धड पडत बी न्हाय आन् जात बी न्हाय, हवेत नुसता उभा हाय. सगळं गाव पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसतंय. माणसं हळू चालतात. एसटीचा आवाज येतो, एसटी येत न्हाय.

अशात दुपारी झोप लागली की लांब जाती. काल तुझी आई आली. डोक्याला रुमाल, पायात लोकरीचे मोजे, हातात परडी. विहारात बाया बसल्या व्हत्या, त्यांच्यातून वाट काढत सरळ पश्चिमेला गेली. कपाटं न्हवती, बाकडी न्हवती. भिंतीला पाठ टेकून बसली, दिवसभराचं काम झाल्यावर बसावं तशी. म्या म्हणलं, "माय, तिथं नका बसू, इकडं या." ती हसली. तुमच्या बोलीत लई वेळ काय काय सांगत राहिली आन् मला सगळं समजत व्हतं. जागी झाले, तर एक शब्द राहिला न्हवता. नुसतं तिचं बसणं राहिलं.

उठून विहारात गेले. कपाटामागं हात घातला. भिंतीतून मूठभर माती गळून खाली बसली व्हती. कोरडी. एवढ्या ओल्या दिवसांत आतून कोरडी माती.

ऐक, सरळ सांगते. त्या भिंतीपुढं उभं राहून तुझ्या लोकांना काही सांगू नको. गुलाबनं ते शेवटचं काम घाईत केलं व्हतं. किती घाईत, ते त्यालाच ठाऊक. तो तर गेला. कॅमेरा नळदुर्गला लाव.

फलक वाचता वाचता थांबली. "दादी, हे पाठवू?"

"लिहिलंय ते वाच."

विठाबाई


२७ ऑगस्ट

आल्मिरभाऊ,

ही चिठ्ठी मी स्वतः वाचतेय. फलकला म्हणलं, बटन दाबून दे आन् बाहेर जा. घशात माती बसली तर बसू दे, तू थांबून ऐक.

तुझा आवाज आला. एकच वाक्य. "किती घाईत, विठाबाई?"

परवा म्या गुलाबवर ढकललं. मेलेला माणूस न्हाय म्हणत न्हाय, म्हणून. ते खोटं व्हतं.

तुला तो मे महिना आठवतो. लोहाऱ्याच्या फोनच्या टपरीवर तुझ्या दोस्ताचा निरोप आला. तुझी आई आजारी, मदतीच्या गाड्या सोमवारी निघणार, तू तवर पोचलास तर तुला लढाईतून आत, तुझ्या गावात नेतील, मंग परत कवा ते सांगता येत न्हाय. विहाराच्या तीन भिंती झाल्या व्हत्या. चौथी, पश्चिमेची, राहिली व्हती. चाळीस भोकं. बारा दिवसांचं काम. तू म्हणलास, "बारा दिवसांनी जातो."

गुलाब म्हणला, "आई बारा दिवस थांबती का?"

तू म्हणलास, "इथं बी कुणाच्या आया बसतात."

एवढं बोललास आन् जेवण सोडलंस. दोन दिवस तू पहार मारत व्हतास आन् मी बघत व्हते. तुझे हात इथं, तू इथं न्हाईस. तिसऱ्या दिवशी आमी तुला जिल्ह्याला पाठवलं, देश सोडायच्या परवानगीचा कागद आणायला. कागद पायजेच व्हता, त्यात खोटं न्हाय. पण तो दुसऱ्या दिवशी बी आणता आला असता.

तू एसटीत बसलास आन् आमी तिघांनी कामाला हात घातला. पाशामियाँनं सिमेंट कालवलं. गुलाबनं भिंतीवर वरच्या वर सिमेंटच्या चाळीस चकत्या लिंपल्या, तव्याएवढ्या. आत काही न्हाय. सळई न्हाय, काँक्रीट न्हाय, भोकसुद्धा न्हाय. गुलाब म्हणला, "विठे, निदान खालची दहा तरी खरी पाडू." म्या म्हणलं, "गप. तो सांजच्याला येतोय." ब्रश माझ्या हातात व्हता. लाल ठिपके म्या लावले. चाळीस. एकसारखे.

तू आलास, भिंतीकडं बघितलंस. "चाळीस? एका दिवसात?"

पाशामियाँ म्हणला, "येरमाळा से बारा गडी मंगाये थे. अब्बीच गये."

तू त्याला उचललंस. हसलास. त्या महिन्यात पयल्यांदा. सकाळी तुझा कॅमेरा पिंपावर ठेवून तू आमच्यात पळत येऊन उभा राहिलास, आन् गेलास.

आमचं ठरलं व्हतं, तू गेलास की खरी पाडायची. पण काम संपलं म्हणून सिमेंट बंद झालं. मंग पाऊस. मंग गुलाब सोलापूरला कामाला गेला आन् परांचीवरून पडला, चौथ्या मजल्यावरून. मंग तुझं पयलं पत्र आलं. वेळेवर पोचलास, आईजवळ एकवीस दिवस मिळाले, ती तुझ्या हातात गेली. फलकच्या बापानं वाचून दाखवलं. आमी रडलो बी आन् सुटल्यासारखं बी झालं. वाटलं, ठिपके फळले.

दुसऱ्या पाकिटात पुस्तक आलं. वर ती भिंत. आत लिहिलेलं, ज्यांनी ही भिंत बांधून घेतली त्या तिघांना. त्यानंतर तुला काय लिहायचं व्हतं? फुरसत लई व्हती. तोंड न्हवतं. अकराच्या अकरा पत्रं पेटीत हायेत. शेवटची सहा फोडली न्हाईत.

तीस वर्षं ती भिंत उभी हाय, म्हणून आमी धीट झालो. उभं हाय म्हंजी पक्कं आसंल, असं वाटाय लागलं. पण तिला अजून कुणी ढकललंच न्हाय. परवा ती कोरडी माती हातात घेतली तवा हे कळलं. लई उशिरा कळलं.

पाशामियाँला सांगितलं की तुला कळवतेय. कानाशी ओरडून सांगावं लागलं. तो म्हणला, "काइकू विठाबाई? तीस साल खडी है. उसका इलेक्शन है. गरीब कू काइकू गिराती?" म्या म्हणलं, "भिंत पोरांवर पडली तर?" मंग म्हणला, "मेरा नाम बी लिख. झूट मैंच बोल्या था."

तर त्याचं बी नाव लिहिलं.

आता तू तुझं बघ. तुझ्या लोकांना सांगितलंस तर तुझे विरोधक तुला सोडायचे न्हाईत. न्हाय सांगितलंस तर तुझी सगळी भाषणं त्या चकत्यांसारखी, वरच्या वर. मला तुमचं राजकारण कळत न्हाय. मला एवढंच कळतं, उद्यापासून विहार बंद.

विठाबाई


१६ सप्टेंबर

आल्मिरभाऊ,

तू अकरा दिवस बोलला न्हाईस. रोज फलक शाळेतून आली की मी दारात. ती लांबूनच मान हलवायची. मी म्हणायची, "म्या कुठं काय विचारलं?"

त्या अकरा दिवसांत काय काय झालं ते ऐक. दुसऱ्या दिवशी विहाराला कुलूप लावलं. बालवाडी शुभांगीनं आमच्या पडवीत घेतली, ग्रंथवाचन प्रसेनजितच्या मंडपात. प्रसेनजित माझ्याशी बोलायचा बंद झाला. मंग एक दिवस बोलला, सगळं एकदम.

"तीस वर्षं मी त्या भिंतीखाली बसलो. माझं लग्न लागलं त्या भिंतीखाली. तू अक्षता टाकत व्हतीस!"

"तुला पूर्वेला बसवलं व्हतं."

"आई, हे काय उत्तर हाय?"

न्हाय, हे उत्तर न्हाय. म्या त्याला तसं म्हणलं. माझ्या तोंडून असलं काही ऐकायची त्याला सवय न्हाय. तो उठून गेला.

गाव दोन्ही बाजूंनी बोललं. आमच्या लोकांनी विचारलं, विहाराचीच भिंत का अर्धी ठेवली? मशिदीची झाली, मारुतीची झाली. खरं विचारलं. मशीद आन् मारुती आधी झाले व्हते, आमची पाळी शेवटी आली व्हती, न् शेवटी जी भिंत उरली ती आपलीच. पाशामियाँ काठी टेकत चावडीत आला आन् सगळ्यांपुढं म्हणला, "गुलाब नक्को बोल्या था. हम दोनो नहीं सुने." माझ्या नवऱ्याचं नाव त्यानं धुतलं. मला ते करायला तीस वर्षं लागली.

मंग तुझा निरोप आला. म्या म्हणलं, आता शिव्या ऐकायच्या. फलकनं लावलं. शिव्या न्हवत्या, नमस्कार न्हवता, तू कसा हायेस ते बी न्हवतं. "आधी छताला टेकू द्या. खालून सुरू करा. एका वेळी एकच भोक, दुसरं तीन हात सोडून. घण मारायचा न्हाय, पहार फिरवून दगड सैल करा. भरल्यावर सात दिवस पाणी. तवर शेजारचं उघडू नका. बाहेरचा माणूस आन् आतला माणूस एकमेकांशी बोलत राहिले पायजेत."

परत लावाय सांगितलं. तीनदा ऐकलं. तोच पत्र्यातला आवाज, सकाळी सहा वाजता गवंड्यांपुढं उभा राहणारा. मंत्र्याचा न्हवे.

कामाला बिरू गवंडी हाय. चांगला हाय, पण मोबाईल खिशात वाजतो, तो म्या काढून घेते. कमानीच्या बल्ल्या प्रसेनजितनं स्वतः आणून छताखाली लावल्या. माझ्याकडं न बघता. बघील.

बिरू बाहेर, मी आत. मी काय पहार मारत न्हाय, बसून सांगते. पयलं भोक आरपार गेलं तवा दुपार व्हती. तीस वर्षांच्या अंधारातून बाहेरचं ऊन आत आलं, हाताएवढं, आन् त्यात धूळ उभी राहिली. हलत न्हवती. त्या उजेडात बघितलं तर भोकाच्या पल्याड बिरूचा डोळा. मला म्हणतो, "आजी, हिकडून तुमी दिसताय." गुलाब आन् पाशामियाँनी वीस वर्षं भिंती बांधल्या, कामावर असताना एकमेकाला कवा दिसले न्हाईत.

आजपर्यंत सात भरली.

विठाबाई


१८ ऑक्टोबर

आल्मिरभाऊ,

तीस तारखेला कुणी आलं न्हाय. न कॅमेरे, न तुझी साडीवाली बाई. दरवर्षीसारखं आमी गेलेल्यांची नावं घेतली आन् दोन मिनिटं उभे राहिलो. मंग बिरूनं पाणी मारलं.

तुझ्या सभेचं फलकनं दाखवलं. हजारभर लोक. तू पुस्तक वर धरलंस, भिंतीचं चित्र दाखवलंस आन् म्हणलास, या भिंतीत एक बी दगड आरपार न्हाय, मी तपासलं न्हाय. फलक सांगत व्हती, मी तुझं तोंड बघत व्हते. पयल्यांदा कुणी टाळी वाजवली न्हाय. मंग मागून एक जण हसला. मंग लई जण. त्यानंतर गावोगाव तुझ्या विरोधकांनी तीच भिंत छापून लावली. पोकळ मास्तर म्हणून.

आन् तू पडलास.

मला वाईट वाटलं. ते लिहून ठेवते, कारण बोलून दाखवणार न्हाय.

तुझा काल रातचा निरोप आज ऐकला. तू म्हणतोस, "विठाबाई, त्या सकाळी हातोडी माझ्या हातात व्हती. एक टोला मारला असता तर आवाजावरून कळलं असतं. मी मारला न्हाय. कळलं असतं तर थांबावं लागलं असतं." म्हंजी खोट्यात तू बी चौथा व्हतास. मला तसा संशय कवा आला न्हवता. आधी राग आला. तीस वर्षं मी एकटी वाहत व्हते, तू निम्मं उचलायचं व्हतंस. मंग राग गेला. आई बोलावत असताना कोण भिंत ठोकत बसंल? मी बी बसले नसते.

तू म्हणतोस, आता खुर्ची न्हाय, माणसं न्हाईत, काम न्हाय, पुढच्या महिन्यात एकटा येतो. चाळिसावं भोक माझ्यासाठी ठेव, मी भरतो.

न्हाय ठेवलं. भिंत उघडी ठेवून कुणाची वाट बघत न्हाईत. बिरूनं बाहेरून धरलं, आतून प्रसेनजितनं काँक्रीट कोंबलं, पाशामियाँ बाकड्यावर बसून दोघांना शिव्या देत व्हता. पाणी माराय सुरुवात झाली. पुढच्या आठवड्यात वर्षावास संपतो, त्या दिवशी बाया आत बसतील, वाटंल त्या भिंतीला टेकून.

आता त्या भिंतीत बघण्यासारखं काही न्हाय. तरी ये.

विठाबाई